प्रकाशाला लय देणारा कलावंत : अडॉल्फ आप्पिया

नाटक किंवा गाण्याची मैफल पाहून आपण बाहेर पडतो, तेव्हा बोलणे निघते ते नटांचे, गायकांचे, फार तर नेपथ्याचे. दिवे कसे होते, याबद्दल कोणी बोलत नाही. दिवे गेले तर मात्र सगळे बोलतात! आपल्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकांतसुद्धा हाच प्रकार असतो. ज्याला संवाद पाठ होत नाहीत आणि ज्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही, त्याची रवानगी दिव्यांच्या बटणांकडे होते. प्रकाशयोजना म्हणजे उरलेल्यांनी करायचे काम, असा आपला सर्वसाधारण समज आहे.

या समजाविरुद्ध एका माणसाने आपले अवघे आयुष्य वेचले. तो नट नव्हता, गायक नव्हता, वीजतंत्रज्ञही नव्हता. त्याला धड बोलताही येत नव्हते, कारण तो लहानपणापासून तोतरा होता. पण रंगमंचावरचा प्रकाश हा संगीतासारखा बोलू शकतो, हे त्याने जगाला पटवून दिले. अडॉल्फ आप्पिया हे त्याचे नाव. आधुनिक प्रकाशयोजनेचा जनक म्हणून नाट्यशास्त्राच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो. पण त्याच्या वाट्याला जे आयुष्य आले, ते मात्र जनकाला शोभेल असे मानाचे नव्हते. त्याच्या हयातीत त्याची जी कामे प्रत्यक्ष रंगमंचावर आली, ती हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आप्पियाचा जन्म १ सप्टेंबर १८६२ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात झाला. त्याचे वडील लुई आप्पिया हे नावाजलेले शल्यविशारद होते. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांची सेवा हे त्यांचे जीवितकार्य. १८६३ साली ज्या पाच जणांच्या समितीतून पुढे रेड क्रॉस ही जगद्विख्यात संस्था उभी राहिली, त्या पाचांत हेन्री ड्यूनांबरोबर लुई आप्पिया हेही होते. असा थोर पिता लाभणे हे भाग्यच. पण घरातले वातावरण मात्र कडक धर्मनिष्ठेचे होते. जिनिव्हा हे कॅल्व्हिनचे शहर. तिथल्या जुन्या वळणाच्या घरांत नाटक-थिएटर ही चैन, किंबहुना पापाची पहिली पायरी समजली जाई. आपल्याकडेही एके काळी घरातला मुलगा नाटक कंपनीत गेला म्हणजे तो वाया गेला, असे मानत असत. तसेच काहीसे तिकडे होते.

अशा घरातल्या या मुलाला थिएटरचे वेड लागले, तेही थिएटर न पाहताच! त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. त्याचा एक शाळासोबती ऑपेरा पाहून आला. आप्पियाने त्याला गाठून प्रश्न विचारायला सुरुवात केली. पण त्याचे प्रश्न कथानकाविषयी वा गाण्यांविषयी नव्हते. ती माणसे कुठे उभी होती, ती जागा कशी होती, त्यांच्या पायांखालची जमीन कशी होती, हे त्याला जाणून घ्यायचे होते. मित्राला या प्रश्नांचा अर्थच कळेना. पुढे वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याने स्वतः पहिला ऑपेरा पाहिला. तो होता गूनो या फ्रेंच संगीतकाराचा ‘फाउस्ट’. इतकी वर्षे मनात जपलेले स्वप्न समोर साकार होणार होते. पण त्याची पुरती निराशा झाली.

निराशा का झाली असावी, हे समजण्यासाठी त्या काळची रंगभूमी कशी होती हे पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकातले युरोपातले ऑपेरागृह म्हणजे झगमगाट. लोक तिथे पाहायला जात, त्याहून अधिक दिसायला जात. पॅरिसचे सुप्रसिद्ध ऑपेरागृह १८७५ साली उघडले. त्याचा भव्य जिना आणि दिव्यांनी उजळलेली दालने पाहिली, म्हणजे वास्तुकार गार्निए याने रंगमंचाइतकाच प्रेक्षकांच्या मिरवण्याचा विचार केला होता, हे ध्यानात येते. प्रेक्षागृहाच्या छताला प्रचंड झुंबर टांगलेले असे आणि प्रयोग चालू असतानाही प्रेक्षागृहात बऱ्यापैकी उजेड ठेवण्याची पद्धत होती. कोणत्या सज्जात कोण बसले आहे, कोणी कोणते दागिने घातले आहेत, हे दिसायला नको का?

रंगमंचावर काय असे? कापडावर रंगवलेले पडदे. रंगवलेले जंगल, रंगवलेला राजवाडा, रंगवलेले आभाळ. आपल्या संगीत नाटकांनीही असे पडदे मोठ्या कौतुकाने मिरवले, हे आपण जाणतोच. हे पडदे नीट दिसावेत म्हणून सगळीकडे सारखा, सपाट उजेड पाडावा लागे. मंचाच्या पुढच्या कडेला दिव्यांची रांग असे. तिचा उजेड खालून वर नटाच्या चेहऱ्यावर पडे. आता विचार करा, निसर्गात आपल्या चेहऱ्यावर उजेड कधी जमिनीतून येतो का? त्या उजेडात हनुवटी उजळते, डोळ्यांच्या खोबणीत विचित्र छाया पडतात आणि माणसाचा मुखवटा होतो. शिवाय चित्रकाराने झाडाची सावली पडद्यावर रंगवून ठेवलेली असते एका दिशेला, आणि त्या झाडाजवळ उभ्या असलेल्या नटाची सावली पडते दुसऱ्याच दिशेला. झाड सपाट, माणूस मात्र गोल, जिवंत. दोघांचा मेळ बसणार कसा?

याच काळात दिव्यांच्या जगात मोठी क्रांती होत होती. मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे जाऊन गॅसचे दिवे आले होते, आणि आता विजेचे दिवे येत होते. १८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये जोसेफ स्वान याने केलेले विजेचे दिवे लागले. प्रेक्षागृह आणि रंगमंच दोन्ही विजेने उजळलेली ही जगातली पहिली सार्वजनिक वास्तू मानली जाते. गॅसपेक्षा वीज सुरक्षित होती, तिचा धूर नव्हता, उष्णता कमी होती. पण साधन नवे आले तरी दृष्टी जुनीच होती. गॅसच्या जागी वीज आली, एवढेच. विजेने काय करता येईल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आप्पियाने तो विचारला.

आप्पियाने संगीताचे शिक्षण घेतले. त्यासाठी तो जिनिव्हा, लाइपझिग, पॅरिस, ड्रेस्डेन अशा शहरांत राहिला. १८८२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो जर्मनीतील बायरॉइट या गावी गेला. रिचर्ड वाग्नर या युगप्रवर्तक संगीतकाराने तिथे १८७६ साली खास आपल्या संगीतनाट्यांसाठी एक नाट्यगृह उभारले होते. तिथे सज्जांचा बडेजाव नव्हता. वादकवृंद मंचापुढच्या खोलगट जागेत लपवलेला होता. आणि मुख्य म्हणजे प्रयोग सुरू होताच प्रेक्षागृह काळोखात बुडत असे. शेजारी कोण बसले आहे हे पाहण्याची सोयच वाग्नरने काढून टाकली होती. आज आपल्याला ही गोष्ट अगदी साधी वाटते, पण त्या काळच्या रसिकांना तो धक्का होता.

त्या वर्षी बायरॉइटला वाग्नरच्या ‘पार्सिफाल’चे पहिले प्रयोग झाले. आप्पिया संगीताने भारावून गेला आणि डोळ्यांना जे दिसले त्याने खिन्न झाला. संगीतात एवढी खोली, एवढी नवी दृष्टी. आणि मंचावर तेच रंगवलेले पडदे! कानांसाठी एक युग आणि डोळ्यांसाठी मागचे युग. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, वाग्नर वारला. त्याने जे अर्धवट ठेवले ते आपण पूर्ण करावे, असे या तरुणाने मनाशी ठरवले. हा निश्चय त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. त्याच्या आयुष्याचे सुख आणि दुःख दोन्ही या निश्चयात होते.

निश्चय झाला तरी त्याने एकदम उडी घेतली नाही. आधी तो हे काम शिकला. ह्यूस्टन स्ट्युअर्ट चेंबरलेन हा वाग्नरभक्त त्याचा जवळचा मित्र होता. त्याच्या मदतीने आप्पियाला १८८९ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या दरबारी नाट्यगृहात उमेदवारी करता आली. रंगमंचावरील दिव्यांच्या करामतींसाठी प्रसिद्ध असलेला हूगो बेअर तिथे होता. दिवा कुठे टांगावा, त्याचा झोत कसा वळवावा, त्याच्यापुढे काच कशी धरावी, हे सारे आप्पियाने जवळून पाहिले. (हाच चेंबरलेन पुढे वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कर्ता म्हणून कुप्रसिद्ध झाला, हेही येथे नमूद केले पाहिजे. आप्पियाने मात्र त्याच्याकडून जो आधार घेतला तो संगीतापुरता.)

नंतरची काही वर्षे आप्पिया स्वित्झर्लंडच्या ग्रामीण भागात एकांतात राहिला. त्याच्याजवळ ना नाट्यगृह, ना नटसंच, ना पैसा. होती फक्त वाग्नरच्या संगीताची पुस्तके, कागद आणि कोळसा. त्या संगीताची एक एक ओळ वाचून तो प्रत्येक प्रवेशाची आखणी करू लागला. उंचवटे कुठे, पायऱ्या किती, नट कोणत्या क्षणी कुठे असेल, प्रकाश कुठून येईल आणि केव्हा ओसरेल. त्याने काढलेली ही चित्रे पाहिली तर त्यांत रंग जवळजवळ नाहीत. काळ्यापांढऱ्यातला उजेड आणि अंधार एवढेच आहे. १८९५ साली पॅरिसमध्ये त्याची वाग्नरच्या नाट्यप्रयोगांवरची छोटी पुस्तिका निघाली. १८९९ साली म्युनिकमध्ये ‘संगीत आणि रंगयोजना’ हा त्याचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की त्याने हा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला, पण तो छापला गेला जर्मन भाषांतरात. मूळ फ्रेंच ग्रंथ छापून निघायला १९६३ साल उजाडावे लागले!

या ग्रंथात आप्पियाने मांडलेला विचार थोडक्यात असा सांगता येईल. संगीतनाट्यात सर्वांत आधी संगीत. संगीतातून नटाच्या हालचाली ठरतात. नट हा जिवंत, तीन मितींचा असल्यामुळे त्याला सपाट पडदा नको, चढायला-उतरायला, टेकायला खरीखुरी जागा हवी, म्हणजे पायऱ्या, चौथरे, खांब, उतार. आणि हा नट व ही जागा यांना एकजीव करणारी शक्ती म्हणजे प्रकाश. रंगवलेल्या पडद्याचे स्थान सर्वांत शेवटी.

प्रकाशाचे त्याने दोन प्रकार केले. एक, सर्वत्र पसरलेला मंद प्रकाश. याने फक्त दिसते. दुसरा, एका दिशेने येणारा, आकार घडवणारा प्रकाश. याने सावली पडते, आणि सावली पडली की वस्तूला खोली येते, अर्थ येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकाश हा तंबोऱ्यासारखा आहे. तो सतत हवा, पण तोच गाणे नव्हे. दुसरा प्रकाश हा गायकाचा स्वर. तो केव्हा लागतो, किती ठरतो, केव्हा विरतो, यात सगळी कला. तंबोऱ्यावाचून स्वर उघडा पडतो आणि स्वरावाचून तंबोरा नुसता वाजत राहतो. जुन्या रंगभूमीत सगळा तंबोराच तंबोरा होता, अशी आप्पियाची तक्रार होती, असे म्हणायला हरकत नाही.

त्याने दिलेली दोन उदाहरणे फार बोलकी आहेत. वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’मध्ये नायक अरण्यात आहे. मग अरण्य दाखवायचे म्हणून शेकडो पाने कापडावर रंगवायची का? आप्पियाच्या मते तसे करणे चूक. प्रेक्षकाला अरण्य पाहायचे नाही, अरण्यात असलेला माणूस पाहायचा आहे. वाऱ्याने पाने हलतात तेव्हा त्या माणसाच्या अंगावर जी कवडशांची आणि सावल्यांची हालचाल होते, ती दाखवा, अरण्य आपोआप दिसेल. दुसरे उदाहरण ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’चे. दुसऱ्या अंकात इझोल्ड प्रियकराची वाट पाहत असते आणि दाराशी मशाल जळत असते. मशाल विझली की त्याने यायचे, असा संकेत. या दोघांना उजेड म्हणजे वियोग आणि अंधार म्हणजे मीलन. आप्पियाने हा अंक असा आखला, की मशाल विझल्यावर भोवतालचे जग जणू नाहीसे व्हावे, आणि त्या दोघांना दिसते तेवढेच प्रेक्षकाला दिसावे. म्हणजे इथे उजेड हा वस्तू दाखवण्यासाठी राहिलाच नाही. तो पात्रांच्या मनात शिरला.

हा सारा खटाटोप ज्या बायरॉइटसाठी होता, त्या बायरॉइटने काय केले? वाग्नरच्या मृत्यूनंतर तिथला कारभार त्याची पत्नी कोझिमा पाहत होती. पतीच्या हयातीत जसे प्रयोग झाले तसेच ते व्हावेत, त्यात काडीचाही बदल होऊ नये, असा तिचा आग्रह होता. आप्पियाच्या योजना तिच्यापर्यंत पोचल्या आणि तिने त्या झिडकारल्या. तिच्या बाजूने पाहिले तर तिची निष्ठाही खरीच होती. पण दोन निष्ठांची टक्कर झाली की ज्याच्या हाती किल्ल्या असतात त्याची निष्ठा जिंकते. आप्पियाच्या हाती कागदांखेरीज काहीच नव्हते.

१९०३ साली पॅरिसमध्ये एका उमराव स्त्रीच्या खासगी नाट्यगृहात त्याला पहिली संधी मिळाली. बायरनच्या ‘मॅनफ्रेड’ला शूमानने दिलेले संगीत आणि बिझेचा ‘कार्मेन’ ऑपेरा यांतील काही प्रवेश त्याने आपल्या पद्धतीने सादर केले. त्या वेळी त्याचे वय चाळीस होते. विसाव्या वर्षी घेतलेल्या ध्यासाचे पहिले फळ चाळिसाव्या वर्षी, तेही मूठभर निमंत्रितांपुढे!

त्याच्या आयुष्याला खरे वळण मिळाले १९०६ साली. जिनिव्हातील संगीतशिक्षक एमिल झाक-दालक्रोझ याने एक नवी पद्धत काढली होती. विद्यार्थ्यांनी लय ही केवळ कानांनी नव्हे, तर सबंध शरीराने शिकावी, चालून, वळून, थांबून, हात उचलून, असे त्याचे म्हणणे होते. आप्पियाने याचे प्रात्यक्षिक पाहिले आणि आपण कागदावर ज्या नटाला शोधत होतो तो आपल्याला सापडला, असे त्याला वाटले. १९०९ च्या सुमारास त्याने दालक्रोझच्या विद्यार्थ्यांसाठी चित्रांची एक मालिका काढली. तिला त्याने लयीचे अवकाश असे नाव दिले. त्या चित्रांत माणसे नाहीत. नुसत्या पायऱ्या, खांब, भिंती आणि त्यांवर तिरपा पडलेला उजेड आहे. तरीही ती रिकामी वाटत नाहीत. कोणीतरी आता येणार आहे, असे त्या पायऱ्यांकडे पाहून वाटत राहते.

यानंतर घडले ते हेलेराउ. जर्मनीत ड्रेस्डेन शहराबाहेर हेलेराउ येथे फर्निचरच्या एका मोठ्या कारखान्याच्या आधाराने कामगारांसाठी नवी बागेसारखी वसाहत उभी राहत होती. वोल्फ डोर्न या ध्येयवादी गृहस्थाने दालक्रोझला तिथे बोलावले आणि १९११ साली त्याच्या संस्थेसाठी इमारतीचा पाया घातला गेला. वास्तुकार होता हाइनरिख टेसेनो. त्याने बांधलेली इमारत बाहेरून अगदी साधी. समोर उंच, सडपातळ चौकोनी खांब, वर त्रिकोणी दर्शनी भाग. कोरीवकाम नाही, सोनेरी मुलामा नाही. पॅरिसच्या ऑपेरागृहाच्या जिन्यावर माणूस स्वतःला पाहत चढतो. इथे त्याचे लक्ष स्वतःवरून निघून जावे अशी योजना होती.

आतले सभागृह सुमारे ४९ मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच होते. त्यात रंगमंचाची कमान नव्हती, पडदा नव्हता. एका टोकाला पाचसहाशे प्रेक्षकांची चढती आसने, मध्ये वादकांसाठी खोलगट जागा आणि पलीकडे हव्या तशा रचता येतील अशा सुट्या पायऱ्या व चौथरे. पण खरे नवल होते ते भिंतींत आणि छतात. अलेक्झांडर फॉन साल्झमान हा तिफ्लिसचा चित्रकार आप्पियाच्या कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी पुढे आला. त्याने सभागृहाच्या भिंतींपुढे आणि छताखाली पांढरे कापड ताणले. ते पातळ, पारभासक होते. त्या कापडामागे विजेचे हजारो दिवे बसवले आणि त्यांचे नियंत्रण एका ठिकाणी ठेवले. एक माणूस तिथे बसून, जसा ऑर्गन वाजवावा तसा, सबंध सभागृहाचा उजेड संगीताच्या लयीने चढवू-उतरवू शकत असे. दिवा कुठेच दिसत नसे. भिंतीच प्रकाशत. त्याखेरीज छतातल्या झडपा उघडून नेमका झोत सोडण्याची सोयही होती. म्हणजे आप्पियाने कल्पिलेले दोन्ही प्रकाश, पसरलेला आणि घडवणारा, इथे एकत्र आले.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे उजळणारे कापड फक्त रंगमंचाभोवती नव्हते, ते प्रेक्षकांभोवतीही होते. पाहणारे आणि करणारे एकाच उजेडात होते. वाग्नरने प्रेक्षकाला झगमगाटातून काढून काळोखात बसवले. आप्पियाने त्याला काळोखातून काढून पुन्हा प्रकाशात आणले. पण हा प्रकाश मिरवण्याचा नव्हता, सहभागाचा होता. मंचावर सांज झाली की प्रेक्षकांवरही सांज होत असे.

हे वाचताना मला आपल्याकडचे कीर्तन आणि गोंधळ आठवले. गोंधळात दिवटी मध्ये पेटलेली असते आणि तिचाच उजेड गोंधळ्याच्या तोंडावर तसाच समोर बसलेल्या घरच्या मंडळींच्या तोंडावर असतो. यात्रेतला तमाशा पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांवर चाले, तेव्हा फडावरचा सोंगाड्या आणि पुढे बसलेले शेतकरी यांना वाटून घेतलेला उजेड एकच होता, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगतात. आपल्या लोकांना जे परंपरेने मिळाले होते, ते युरोपातल्या या माणसाला मोठ्या विचाराने परत मिळवावे लागले. फरक मात्र विसरता कामा नये. आपली दिवटी गाण्याबरोबर मंद किंवा प्रखर होत नाही. आप्पियाचा उजेड संगीताच्या प्रत्येक वळणाबरोबर श्वास घेत होता.

१९१२ साली हेलेराउला ग्लुक या संगीतकाराच्या ‘ऑर्फियस’चा दुसरा अंक आणि १९१३ साली सबंध ऑर्फियस सादर झाला. ऑर्फियस आपल्या मृत पत्नीला आणण्यासाठी पाताळात जातो, ही ग्रीक कथा. आप्पियाने पाताळ रंगवले नाही. एक उंचच उंच पायऱ्यांची रचना केली. वर उजेड, खाली अंधार. ऑर्फियस वरच्या उजेडातून निघून एक एक पायरी खाली उतरतो आणि अंधारातल्या आकृती त्याची वाट अडवतात. पायरी आणि प्रकाश, एवढ्यावर पाताळ उभे राहिले. हा प्रयोग पाहायला युरोपभरातून रसिक आले. बर्नार्ड शॉ, कवी रिल्के, दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट, नाटककार पॉल क्लोडेल ही त्यांतली काही नावे. आप्पियाचे वय आता पन्नाशीला आले होते आणि त्याचे स्वप्न डोळ्यांसमोर उभे होते.

पण ते टिकले किती? फेब्रुवारी १९१४ मध्ये वोल्फ डोर्न बर्फावरील अपघातात दगावला. ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. जर्मन तोफांनी फ्रान्समधील र्‍हँसच्या प्राचीन कॅथीड्रलवर मारा केला तेव्हा दालक्रोझने निषेधाच्या पत्रकावर सही केली. त्यानंतर त्याला जर्मनीत परतणे शक्य झाले नाही. हेलेराउचे ते पर्व अवघ्या तीन वर्षांत संपले. ज्या सभागृहात उजेडाने माणसे जोडायची होती, त्याची पुढची कहाणी विषण्ण करणारी आहे. नाझी राजवटीत तिथे बराकी झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्य आले, ते १९९० नंतरच्या काळात गेले. त्यानंतर ती वास्तू पुन्हा कलेकडे परतली.

युद्ध पेटण्याच्या तोंडावर, १९१४ च्या उन्हाळ्यात, जिनिव्हात आप्पिया आणि दालक्रोझ यांच्या सहकार्याने एक मोठा उत्सव झाला. जिनिव्हा स्विस संघराज्यात सामील झाल्याला शंभर वर्षे झाली होती. सरोवराच्या काठी तात्पुरते सभागृह उभारले होते. त्याची मागची बाजू अखेरीस उघडली आणि प्रेक्षकांना खरे सरोवर आणि खरे आकाश दिसले. जन्मभर रंगवलेल्या आभाळाशी भांडलेल्या माणसाला याहून मोठे समाधान कोणते?

उतारवयात दोन मोठ्या संधी त्याच्याकडे चालून आल्या. १९२३ साली मिलानच्या ला स्काला या जगप्रसिद्ध ऑपेरागृहात आर्तुरो तोस्कानिनीच्या संगीतसंचालनाखाली ‘ट्रिस्टान’ त्याच्या योजनेनुसार झाला. इटालियन प्रेक्षकांना डामडौलाची सवय. त्यांना ही रिकामी, उदास दृश्ये रुचली नाहीत. १९२४-२५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे ऑस्कर वेल्टरलिन या तरुण दिग्दर्शकाने वाग्नरची चार भागांची ‘रिंग’ आप्पियाच्या पद्धतीने करायला घेतली. दोन भाग झाले, आणि वाग्नरच्या सनातनी भक्तांनी एवढा गदारोळ केला की पुढचे दोन भाग रद्द करावे लागले. त्रेसष्टाव्या वर्षी, आपल्याच देशात, त्याच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम अर्ध्यावर थांबले.

येथे त्याच्या तोतरेपणाची आठवण होते. नाट्यगृह ही भांडण्याची जागा आहे. तिथे सुताराशी, वायरमनशी, मालकाशी, गायिकेशी वाद घालावा लागतो. ज्याला सरळ वाक्य बोलायला कष्ट पडतात, तो वाद कसा घालणार? म्हणूनच त्याला दालक्रोझ, साल्झमान, वेल्टरलिन अशा माणसांची गरज लागली. जेव्हा अशी माणसे भेटली तेव्हा काम झाले, जेव्हा भेटली नाहीत तेव्हा कोळशाची चित्रे झाली. त्याच्या अपयशाचे सगळे खापर जुन्या मताच्या लोकांवर फोडता येणार नाही. त्याच्या एकलकोंड्या स्वभावाचाही त्यात वाटा आहे, असे मला वाटते.

२९ फेब्रुवारी १९२८ रोजी न्यों या गावी आप्पियाचे निधन झाले. चार वर्षांतून एकदा येणारा दिवस. त्यामुळे त्याची पुण्यतिथीही दर वर्षी येत नाही.

त्याच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, १९५१ साली, महायुद्धाने बंद पडलेले बायरॉइटचे महोत्सव पुन्हा सुरू झाले. या वेळी सूत्रे होती वीलांट वाग्नर आणि त्याच्या भावाकडे. वीलांटने ‘पार्सिफाल’ उभा केला तो जवळजवळ रिकाम्या मंचावर. रंगवलेले पडदे नाहीत, झाडेझुडपे नाहीत. एक गोलाकार चौथरा आणि प्रकाश. सारे जग म्हणाले की हे नवे बायरॉइट. जाणकारांनी ओळखले, की ही तर आप्पियाची वही. ज्या नाट्यगृहाचे दार कोझिमाने लावून घेतले होते, ते तिच्याच नातवाने उघडले. आप्पिया मात्र ते पाहायला नव्हता.

मग त्याचे आयुष्य अयशस्वी म्हणावे का? प्रयोगांची संख्या मोजली तर म्हणावे लागेल. पण आज कोणत्याही नाट्यगृहात, कोणत्याही संगीतसभेत गायकाच्या अंगावर एका बाजूने येणारा मऊ प्रकाश, पायऱ्या आणि चौथरे यांनी घडवलेला मंच, गाण्याच्या ओघाबरोबर बदलणारा उजेड, या गोष्टी इतक्या सवयीच्या झाल्या आहेत की त्या प्रथम कोणी सुचवल्या असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. माझ्या मते हेच त्याचे यश. वडिलांनी रणांगणावरच्या जखमी माणसाकडे पाहायला जगाला शिकवले आणि मुलाने रंगमंचावरच्या जिवंत माणसाकडे. दोघांचाही आग्रह एकच होता, की भोवतालच्या देखाव्यापेक्षा समोरचा माणूस मोठा आहे. आणि तो माणूस दिसावा, म्हणूनच तर दिवा लावायचा असतो.